दोन दिवसांचे पाहुणे

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना पाऊस किती झाला असे विचारीत नाहीत. पुलाला पाणी किती फूट आले, असे विचारतात. पूल म्हणजे १९२९ साली कृष्णेवर झालेला आयर्विन पूल. त्याच्यापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे येथील शाळकरी मुलांनाही पाढ्यासारखे पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. गावभागातील एका जुन्या दुमजली घरात, जिन्याच्या भिंतीवर, त्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे.

ते घर ज्यांचे, त्या गृहस्थांना गल्लीत सारे दिवाणजी म्हणतात. मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर त्यांनी अडतीस वर्षे हिशेब लिहिले. त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून त्या बाई. याहून वेगळ्या नावांची गरज गल्लीला कधी पडली नाही. दिवाणजींचे वय सदुसष्ट, बाई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. २०१९ च्या पुरानंतर तो ‘आता तिथे राहू नका’ म्हणू लागला आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा उंबऱ्याच्या आत आले तेव्हा हट्टालाच पेटला. अखेर घराला गिऱ्हाईक मिळाले. फेब्रुवारी संपता संपता, एका सोमवारी सकाळी, इसाराची रक्कम घेऊन ते येणार असे ठरले. मध्यस्थाने जाता जाता एक सल्ला दिला, की ती भिंतीवरची रेघ तेवढी रंगवून घ्या, उगाच नजरेत भरते. दिवाणजींनी बदामी रंगाचा एक डबा आणून जिन्याखाली ठेवला.

त्याआधीच्या शुक्रवारी रात्री बाई म्हणाल्या, “अहो, पुण्याला गेल्यावर कुणी सांगलीचं विचारलं तर मी काय सांगायचं? शाळा, घर, बस्ती आणि मंडई, एवढीच सांगली बघितलीय मी.”

“मग?”

“मग काय! उद्या-परवा दोन दिवस आपणच इथं पाहुणे आलोय असं समजू. पाहुण्यांना तुम्ही जे जे दाखवत आलात ते मला दाखवा. आणि पाहुण्यांना जे खाऊ घातलं ते आपण खाऊ.”

पाहुण्यांना गाव दाखवायला घरचा पुरुष बाहेर पडतो आणि परतल्यावर पाने तयार हवीत म्हणून घरची स्त्री मागे राहते, ही रीत एकट्या सांगलीची नव्हे. बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण दिवाणजींना त्या रात्री झोप उशिरा लागली.

या सहलीची एक अट होती. बाईंना कंदमुळांचा आणि रात्रीच्या भोजनाचा त्याग आहे. दिवाणजींचे नियम तितके कडक नाहीत. तेव्हा घड्याळ हाती असले तरी वेळ सूर्याकडे पाहूनच ठरणार होती. फेब्रुवारीच्या अखेरीस येथे साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो.

शनिवारी सकाळी बस्तीत दर्शन घेऊन दोघे जुन्या स्कूटरवर निघाले. थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कृष्णाकाठी बांधलेल्या गणपती मंदिराच्या कळसाकडे पाहून हात जोडल्याशिवाय सांगलीचा माणूस, मग तो कोणत्याही घरातला असो, पुढे जात नाही. वाटेत एका लहानशा हॉटेलात उप्पीट घेतले. कांदा न घालता करून द्यायला हॉटेलवाल्याला पाच मिनिटे पुरतात, पण तसे मागावे लागते. आणि हॉटेलात काही मागण्याची बाईंना सवय नव्हती. त्या नुसता चहाच घेऊ म्हणत होत्या. दिवाणजींनी मागितले. वर भुरभुरलेले ओले खोबरे आणि बाजूला लिंबाची फोड घालून गरम उप्पीट आले तेव्हा बाई म्हणाल्या, “बघा, दुसऱ्याच्या हातचं उप्पीट किती छान लागतं!”

सांगलीहून हरिपूर तीन-चार किलोमीटरवर. जुन्या चिंचांच्या सावलीतून जाणारा हा रस्ता सांगलीकरांचा पूर्वापार फिरण्याचा. हरिपुरास वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. उन्हाळा तोंडावर आलेला, दोन्ही नद्यांचे पाणी उतरलेले, घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडलेल्या. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. म्हाताऱ्या वराशी लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती कथा १८९९ मध्ये रंगभूमीवर आली आणि घराघरांत तिच्यावर वाद झडले. बाईंनी ते नाटक वाचले होते, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यातला एक प्रवेशही बसवला होता. पण ते लिहिणाऱ्याचे गाव आपल्या घरापासून एवढ्याशा अंतरावर आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष येऊन कधी पाहिले नव्हते.

दिवाणजींना मात्र हरिपुरात वेगळेच दाखवायचे होते. गावाबाहेर एका उघड्या माळावर त्यांनी स्कूटर उभी केली. तेथे पाहण्यासारखे काहीही नव्हते. गवत, दोन बाभळी आणि ठिकठिकाणी खचलेली जमीन.

“ही पेवं,” दिवाणजी म्हणाले.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, आणि आत मात्र रांजणासारखे रुंद होत गेलेले. हरिपूरच्या मातीत ओल धरत नाही, हा गुण कोणीतरी फार पूर्वी ओळखला आणि सांगलीची हळद येथे जमिनीच्या पोटात राहू लागली. तळाला आणि कडेला पाला, चटया अंथरायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नसे, की रंग उतरत नसे. भाव पडला की व्यापारी माल पेवात टाकून निर्धास्त असे आणि भाव चढला की पेव फोडी. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा आधी निघून जाऊ देत. सांगलीत हळदीचा वायदेबाजार भरत असे, त्याच्या मुळाशी अशी भरलेली पेवे होती. कागदावरचा सौदा खरा, कारण जमिनीखाली माल खरा.

विशी-पंचविशीतले दिवाणजी पेव फुटायच्या दिवशी वही घेऊन येथे उभे राहत. पोती वर येऊ लागली की सगळा माळ पिवळा होई. घरी गेल्यावर आईने धुतलेल्या सदऱ्याचा पिवळेपणा जात नसे. लग्नानंतर त्या सदऱ्यांना साबण लावणाऱ्या बाईंनी पेव आज प्रथम पाहिले, तेही बुजलेले. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरले. वरून मातीने बंद केलेली हळद आतल्या आत कुजली. तेव्हापासून माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो. दिवाणजी म्हणाले, “त्या वर्षी पेढीच्या वहीत जेवढ्या ओळी मी खोडल्या, तेवढ्या उभ्या नोकरीत खोडल्या नसतील.”

बाईंनी खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. ती खरोखरच कोरडी होती.

जवळच्या मळ्यात बाईंच्या मावसबहिणीचे घर. तेथे हळद शिजवण्याचे काम चालू होते. पूर्वी मोठ्या काहिलीत, पाला झाकून, चुलाणावर हळद शिजे. आता वाफेचे कुकर आले आहेत. शिजलेले कंद उन्हात पसरून दहा-पंधरा दिवस वाळवायचे, मग पिंपात घालून फिरवले की वरची साल झडते आणि हळकुंडाला झळाळी येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी जिल्ह्यातील बेदाण्याला मिळाले होते. बाईंच्या पंक्तीत या हळदीचा नेहमीचा एक प्रश्न असतो. ओली हळद कंद म्हणून त्यांना वर्ज्य, तीच शिजून वाळली की रोजच्या फोडणीत चालते. मावसबहिणीच्या नातीने विचारलेच, “आजी, आज चालत नाही आणि पंधरा दिवसांनी चालते, असं कसं?” बाईंनी शिक्षिकेच्या शांतपणाने सांगितले, की ओल्या कंदात जीव असतो, तो जमिनीत लावला तर उगवतो, वाळलेल्या हळकुंडाला कोंब फुटत नाही. मुलीने लगेच एक ओला कंद उचलला आणि परड्यात पुरायला धावली.

दुपारचे जेवण मळ्यातच झाले. शाळूची पांढरीशुभ्र भाकरी, लसणाशिवाय केलेले उडदाचे घुटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. कृष्णाकाठची वांगी प्रसिद्ध, ती दिवाणजींच्या पानात होती. बाईंना ती चालत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी दोडका वेगळा शिजवला होता. आणि शेवटी खपलीची खीर. खपली म्हणजे लांबट, लालसर दाण्याचा जुन्या वाणाचा गहू. त्याचे टरफल सहज सुटत नाही. पाण्याचा हबका मारून तो कांडायचा, पाखडायचा, मग रात्रभर भिजवून मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत शिजवायचा आणि त्यानंतरच गूळ घालायचा. गूळ आधी पडला तर गहू पुढे शिजतच नाही, तसाच चिवट राहतो. वर खोबरे, खसखस, वेलदोडा, आणि वाढताना तूप किंवा दूध, ज्याला जे आवडेल ते. दक्षिण महाराष्ट्रातील जैन घरांत लग्नकार्य असो की सणवार, ही खीर नसेल तर पंगत अपुरी मानतात. हल्ली शहरांत खपलीला मधुमेहींचा गहू म्हणून दुप्पट भाव आला आहे. ज्यांच्या आजीने ती उखळात कांडली त्यांना या नव्या कौतुकाचे हसू येते. दिवाणजींनी तीन वाट्या घेतल्या. दुसऱ्या वाटीला बाईंनी भुवया उंचावल्या, तिसरीला पाहिले नाही पाहिले केले.

मिरजेस जाण्याचाही बेत होता. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची ती गल्ली, पंढरपूरकडून येणारे मोठाले कडू भोपळे, हे सारे बाईंना पाहायचे होते. पण खिरीनंतर मळ्यातल्या आंब्याखाली दोघांचाही डोळा लागला आणि मिरज राहिली.

पाच वाजता ते सांगलीत परतले. भडंगावाचून सांगलीचा पाहुणा निरोप घेत नाही. चुरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट, मीठ, किंचित साखर, एवढ्यावर हा पदार्थ उभा. खरा झणका मात्र लसणाचा. लसूण न घातलेला भडंगही आता मिळतो. बाईंचे मत असे, की लसूण वगळल्यावर बहुतेक दुकानदार ती उणीव तिखटाने भरून काढतात आणि तेथेच चुकतात. कढीपत्ता तेलात पुरता कुरकुरीत होऊ दिला आणि सुके खोबरे सढळ हाताने घातले तर लसणाची आठवण होत नाही. कागदाच्या पुड्या घेऊन दोघे आयर्विन पुलावर गेले. कठड्याला टेकून, पश्चिमेकडे तोंड करून, सूर्य पाण्याला टेकायच्या आत त्यांनी पुड्या संपवल्या.

खाली कृष्णा एवढीशी झालेली. उन्हाळ्यातली नदी पाहणाऱ्याला पावसाळ्यातली खरी वाटत नाही. बाईंनी एकदाच खांबावरच्या फुटांच्या आकड्यांकडे पाहिले आणि नजर वळवली. २०१९ मध्ये दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांना नावेत उतरवले होते. मांडीवर देवघरातली पितळी मूर्ती, पिशवीत औषधे आणि शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेले मानपत्र. त्याविषयी त्या पुलावर काही बोलल्या नाहीत.

रात्री विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नाटक होते. १८४३ मध्ये याच गावात, आप्पासाहेबांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. नाटक बेताचे निघाले. मध्यंतरात बटाटेवड्याचा वास नाट्यगृहभर पसरला. दिवाणजी जागचे हलले नाहीत.

रविवारी सकाळी नऊच्या एस.टी.ने दोघे निघाले. स्त्रियांना अर्धे तिकीट आणि पासष्टी ओलांडलेल्यांनाही अर्धे, त्यामुळे दोघांत मिळून एकच पूर्ण तिकीट पडले. दिवाणजींनी खिशातल्या छोट्या वहीत ते लगेच नोंदवले. अंकलीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. पुढे शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर, त्याचे आखीव सरळ रस्ते. मग शिरोळ, आणि दोन्ही बाजूंना ऊस. तोड चालू होती. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरमागे एस.टी. अर्धा तास रांगत राहिली. कुरुंदवाडला गाडी बदलून खिद्रापूर गाठायला बारा वाजले.

खिद्रापूर म्हणजे कृष्णेच्या वळणावरचे, कर्नाटकाच्या सीमेला चिकटलेले लहानसे गाव. कौलारू घरांमधून चालत जावे आणि एकाएकी समोर कोपेश्वराचे मंदिर यावे. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात, त्याची उभारणी झाली. देवगिरीच्या यादव सिंघणाचा शिलालेखही येथे आहे. शिवमंदिर असून समोर नंदी नाही. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, शेजारी शेजारी. मंदिराच्या तळाशी हत्तींची रांग, जणू सारा भार त्यांच्याच पाठीवर. आणि सर्वांपुढे स्वर्गमंडप.

हा मंडप छताविना आहे. पडला म्हणून नव्हे. मुद्दामच मधोमध गोल उघडा ठेवला आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा पसारा, त्यांतले आतले बारा वर्तुळात, आणि त्यांच्यावर आभाळाचा एक गोल तुकडा. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. दुपारची वेळ असल्याने ऊन सरळ आत उतरले होते आणि शिळेचा बराचसा भाग उजळला होता. एका खांबावर अनेक प्रकारचे कोरीवकाम, कुठे चौकोन, कुठे अष्टकोन, कुठे गोल. पण कातीव दगडाच्या गुळगुळीत अंगावर हात फिरवला तर कोठे जोड लागत नाही. गावात थोड्याच अंतरावर आदिनाथांचे जुने दगडी जिनमंदिर आहे. कोपेश्वरला येणाऱ्या गाड्यांतील बरेच प्रवासी तेथवर जात नाहीत. या दोघांनी आधी तेथे जाऊन दर्शन घेतले होते. ते मंदिर आकाराने लहान, पण भिंतींवरचे नक्षीकाम त्याच हातांचे वाटावे असे. एकाच गावात, एकाच नदीच्या काठी, दोन धर्मांची मंदिरे एकाच धाटणीच्या दगडात उभी राहिली, याचे त्या काळच्या लोकांना नवल वाटले नसावे.

स्वर्गमंडपाच्या कडेला सावलीत बसून त्यांनी डबा उघडला. भाकरी, चटणी, आदल्या दिवशी मळ्यातून आणलेले लोणी. दिवाणजी खांबांकडे पाहत म्हणाले, “आठशे वर्षं. पुराचं पाणी इथंही शिरतं. किती पूर बघितले असतील यानं, अजून उभं आहे.”

“देवळाला चिखल काढावा लागत नाही,” बाई म्हणाल्या. “तो दुसरे काढतात.”

दिवाणजी काही बोलले नाहीत.

“एकोणीस साली पाणी उतरल्यावर सतरा दिवस मी चिखल काढत होते. तुम्ही पेढीवर भिजलेली पोती मोजत होता. तुमचंही बरोबरच, मी काही म्हणत नाही. पण एकवीस साली परत पाणी आलं तेव्हा मी जिन्यावर बसून ठरवलं, की आता हे घर नको.”

“कधी बोलली नाहीस ती?”

“तुमचा जीव त्या घरात. आजोबांनी बांधलेलं म्हणून पाहुण्यांना तुम्ही तुळई तुळई दाखवता. मी कशाला बोलू?”

दिवाणजींनी हातातला घास परत डब्यात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, “मला वाटत होतं, तुला मुलाकडं राहायचंय. म्हणून हो म्हटलं मी. नाहीतर पुण्यात मी दिवसभर करणार काय? कुणाला ओळखतो मी तिथं?”

आता आश्चर्य वाटण्याची पाळी बाईंची होती. “मला पुण्याला जायचंय असं मी कुठं म्हटलं? जिने चढायचे नाहीत आणि चिखल काढायचा नाही, एवढंच मला पाहिजे. अहो, घराचा कंटाळा आलाय मला. गावाचा कोण म्हणालं?”

चाळीस वर्षांच्या संसारात एवढे न बोलता राहते, हे वाचणाऱ्यास खोटे वाटण्याचा संभव आहे. ज्यांचे संसार तितके जुने आहेत त्यांना वाटणार नाही.

परतीच्या गाडीत दिवाणजींनी वहीचे मागचे पान उघडले. घराची येणारी रक्कम, मुलाच्या घराला लावायचा ठरलेला हिस्सा, विश्रामबागेकडे दोन खोल्यांच्या सदनिकांचे भाव. विश्रामबाग उंचावर, पुरात गावभागातील माणसे तिकडेच आसऱ्याला जातात. आकडे दोनदा मांडले, दोनदा खोडले. एस.टी.च्या हिसक्यांनी पाच आणि सहा सारखेच दिसू लागले तेव्हा वही मिटली.

नृसिंहवाडीस पोचले तेव्हा सहाला पाच मिनिटे होती. पंचगंगा कृष्णेला येथे मिळते. दत्तपादुकांच्या दर्शनाला आलेल्यांची घाटावर गर्दी होती. वाडीची एक गोष्ट सांगलीच्या पूरग्रस्ताला नेहमी चक्रावून टाकते. पावसाळ्यात नदी चढू लागली की पाणी मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला दूरदूरचे लोक धावत येतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तीच कृष्णा, तेच पाणी, तोच महिना. वीस-बावीस किलोमीटर वरच्या अंगाला लोक सामान माडीवर चढवीत असतात. बाई पायरीवर बसून पाण्याकडे पाहत होत्या. “यांना माडीवर काही न्यायचं नसेल,” त्या म्हणाल्या. पण वाडीच्या दुकानदारांनाही दरवर्षी आपली दुकाने पाण्यासाठी मोकळी करावी लागतात, हे दिवाणजींना ठाऊक होते, आणि ते त्यांनी सांगितले.

त्याच दुकानांच्या रांगेत बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. कुरुंदवाड-वाडीची बासुंदी म्हणजे नुसते आटवलेले गोड दूध नव्हे. तीत सायीचे पदर जिभेला लागले पाहिजेत. दुकानात गर्दी होती आणि बासुंदीच्या वाट्या हाती आल्या तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाईंनी घाई केली नाही. चार-पाच चमच्यांत वाटी संपवली, पाणी प्यायल्या, हात जोडले. दिवाणजींची वाटी अर्धी झाली होती. त्यांनी बाहेर पाहिले, ऊन अजून समोरच्या कळसाला होते. उरलेली बासुंदी सरळ ओठांना लावून त्यांनी वाटी रिकामी केली. मिशीला साय लागली. बाई हसल्या, चार माणसांत, तोंडावर पदर न घेता. मुलासाठी अर्धा किलो कवठाची बर्फी बांधून घेतली. आंबटगोड, तपकिरी, कवठाच्या वासाची ही बर्फी लहानपणी त्याला फार आवडे.

रात्री त्याचा फोन आला. विश्रामबागेचा विचार ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “लिफ्ट आहे ना?” आणि थोड्या वेळाने, “पावसाळ्यात दोन महिने तरी इकडं याल?” बाई म्हणाल्या, “येतो की. पाहुणे म्हणून येतो.”

सोमवारी दहाच्या सुमारास गिऱ्हाईक आले. कापडाचे दुकान असलेले चाळिशीतले गृहस्थ, सोबत मध्यस्थ. रंगाचा डबा जिन्याखाली झाकण न उघडलेलाच होता. मध्यस्थाने रेघेकडे पाहिले आणि मग दिवाणजींकडे. दिवाणजींनी गिऱ्हाइकाला जिन्यापाशी नेऊन बोटाने रेघ दाखवली. ही एकोणीसची, एकवीसची खाली उंबऱ्यापाशी, पुसट आहे. पाणी किती दिवस होते, कोणत्या दाराने आधी येते, माडीवर किती सामान मावते, सारे सांगितले. गृहस्थ ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “दिवाणजी, माझं दुकान मारुती रोडला आहे. मला फूट सांगू नका.” मग त्यांनी ठरल्या रकमेतून काही कमी करण्याचा आग्रह धरला. बरीच घासाघीस झाली. बाईंनी दोनदा चहा केला. अखेर दोघांनाही थोडे थोडे टोचेल अशा आकड्यावर सौदा थांबला आणि इसार हाती आला.

दुपारी दिवाणजींनी खिशातली वही काढली. शनिवार-रविवारचा खर्च ओळीने लिहिला : पेट्रोल, उप्पीट, भडंग, नाटकाची तिकिटे, एस.टी., बासुंदी, बर्फी. बेरीज केली, दोनदा ताडून पाहिली. पेढीवरच्या सवयीने पानाच्या तळाला रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिले : बाकी, मिरज.